सामुराईचे सात गुण आणि डाव्या हाताची करंगळी

ही यादी आता बहुतेकांच्या पाहण्यात आलेली असते. काळ्या पार्श्वभूमीवर लाल सूर्य, तलवार टेकवून बसलेला योद्धा आणि खाली सात शब्द : न्याय, धैर्य, करुणा, विनय, सचोटी, मान, निष्ठा. वर मथळा असतो, ‘सामुराईंचा प्राचीन जीवनमंत्र’. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात ती पडद्यावर येते, नव्या नोकरदारांच्या प्रशिक्षणात येते, व्यायामशाळेच्या भिंतीवर रंगवलेली दिसते. स्वतःला घडवायचं असेल तर या सात गुणांनी जगा, एवढाच तिचा सांगावा.

सामुराई म्हणजे जुन्या जपानचे योद्धे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. माझा आक्षेप यादीवर आहे. ती त्यांच्या जगण्यातून कमी आणि त्यांच्याबद्दल मागाहून झालेल्या विचारातून जास्त आली आहे. शिवाय ती पाठ केलेल्या माणसानं उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, याचं उत्तर तिच्यात कुठेच नाही.

आधी ती कुठून आली ते पाहू. नितोबे इनाझो यांचा जन्म १८६२ सालचा, मोरिओका गावी, सामुराई घराण्यातला. पण ते मोठे होईपर्यंत सामुराई हा वर्गच मोडीत निघाला होता. ते सापोरोला शेतकीशास्त्र शिकले, ख्रिस्ती झाले, अमेरिकेत क्वेकर पंथात गेले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. एका बेल्जियन कायदेपंडितानं त्यांना विचारलं होतं, ‘तुमच्या शाळांत धर्मशिक्षण नाही, मग मुलांना नीती शिकवता तरी कशी?’ त्याचं उत्तर म्हणून त्यांनी अमेरिकेत आजारपणानंतरच्या विश्रांतीत बुशिदोवरचं, म्हणजे सामुराईंच्या नीतीवरचं, छोटेखानी पुस्तक लिहिलं. ते १९०० साली इंग्रजीत आलं, जपानी भाषांतर त्यानंतर काही वर्षांनी. आज फिरणारे सात गुण त्याच पुस्तकाच्या प्रकरणांवरून उचललेले आहेत. नितोबेंनी फसवणूक केली असं मुळीच म्हणायचं नाही. आपल्या समाजाकडेही नीतीची शिस्त आहे हे पाश्चात्त्यांना त्यांच्या भाषेत समजावून देण्याचं काम त्यांनी प्रामाणिकपणे केलं, आणि म्हणूनच युरोपातल्या सरदारांच्या शौर्यनीतीचा साचा त्यांना जवळचा वाटला. टोकियोत अनेक वर्षं शिकवलेले ब्रिटिश जपानतज्ज्ञ बेसिल हॉल चेंबरलेन यांनी १९१२ सालीच राजभक्ती आणि बुशिदो यांच्या या नव्यानं घडवलेल्या ‘धर्मा’बद्दल लिहिलं, आणि १९०० पूर्वीच्या कुठल्याही शब्दकोशात बुशिदो हा शब्द मिळत नाही असं सांगितलं. त्यात थोडी अतिशयोक्ती होती. शब्द जुन्या लिखाणात सापडतो. पण सर्व सामुराईंना बांधणारी, सात कलमांची एखादी संहिता होती, याला आधार नाही.

निष्ठेचंच घ्या. जपानचं पुढच्या अडीचशे वर्षांचं भवितव्य ठरवणारी लढाई २१ ऑक्टोबर १६०० रोजी सेकिगाहाराला झाली. लढणाऱ्या दोन फौजांपैकी पश्चिमेच्या फौजेतला सरदार कोबायाकावा हिदेआकी हजारोंच्या तुकडीसह मात्सुओ टेकडीवर बसून होता. ऐन लढाईत तो खाली उतरला तो स्वतःच्याच बाजूवर चालून गेला, आणि निकाल लागला. त्याआधी १५८२ साली त्या काळच्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाला, ओदा नोबुनागाला, होन्नोजीच्या मंदिरात गाठलं ते त्याच्याच सरदारानं, आकेची मित्सुहिदेनं. रणांगणावरचा सामुराई वतन, कुटुंब आणि जीव यांचा हिशेब करणारा माणूस होता. आपल्याकडच्या सरदार घराण्यांचा इतिहास वाचलेल्याला याचं नवल वाटू नये.

निष्ठेची आणि मरणाची भाषा टिपेला पोचली ती लढाया संपल्यावर. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ साली शिमाबाराचं बंड मोडलं, आणि मग दोनशेहून अधिक वर्षं मोठं युद्ध झालं नाही. सामुराई पगारी कारकून झाले. पगार कोकूत मोजायचा. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. खालच्या दर्जाच्या सामुराईंना तेवढ्यात भागेना, तेव्हा घरी बसून छत्र्या बनवण्यासारखी जोडकामं करावी लागत. नांगर न धरता, माल न बनवता, व्यापार न करता आपण जेवतो ते कशाच्या बळावर, हा प्रश्न यामागा सोको या विचारवंतानं सतराव्या शतकात उघड विचारला. सामुराईनं समाजाला नीतीचा आदर्श घालून द्यावा, हे त्याचं उत्तर. म्हणजे गुणांची ही सगळी चर्चा तलवार म्यानात गेल्यावर आपल्या पगाराचं कारण शोधणाऱ्या वर्गाची आहे. विचार म्हणून ती वाचण्याजोगी आहे. रणात तावून निघालेलं ज्ञान म्हणून तिची जाहिरात करू नये.

सामुराईचा मार्ग मरणात आहे, हे गाजलेलं वचन ज्या ‘हागाकुरे’त आहे, त्याचा वक्ता यामामोतो त्सुनेतोमो याच काळातला. जन्म १६५९. त्यानं एकही लढाई पाहिली नाही, आयुष्य धन्याच्या दरबारी कामात गेलं. धनी १७०० साली वारला तेव्हा मागोमाग प्राण द्यायची त्याची इच्छा होती, पण त्या प्रथेवर सागा संस्थानात आधीच बंदी होती. तो संन्यासी झाला, आणि १७१० पासून काही वर्षं एक तरुण सामुराई त्याचं बोलणं टिपत राहिला. त्यात जांभई कशी दाबावी यासारखा व्यवहारही आहे. पण प्रसिद्धी मिळाली ती मरणाच्या वाक्याला, कारण पुढे ते राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडलं. १८७३ साली सक्तीची सैन्यभरती आली, १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी झाली, आणि १८८२ सालच्या सैनिकांना उद्देशून काढलेल्या राजाज्ञेत कर्तव्य पर्वताहून जड आणि मरण पिसाहून हलकं ठरलं. शेतकऱ्यांच्या ज्या पोरांच्या आजोबांना तलवार धरायचीही मुभा नव्हती, त्यांना आता सामुराईंचे वारस म्हणून मरायला सांगितलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचा शेवट काय झाला ते सर्वांना माहीत आहे. ‘निष्ठा’ हा शब्द प्रशिक्षणाच्या पडद्यावर लावताना हा इतिहास आठवायला हवा. निष्ठा कुणाशी, किती, आणि चुकीच्या हुकमाचं काय करायचं, हे प्रश्न त्या यादीला विचारलेले चालत नाहीत.

आता दुसरी बाजू. गाजलेला तलवारबाज मियामोतो मुसाशी १६४३ साली कुमामोतोजवळच्या रेइगान्दो गुहेत बसून ‘गोरिन नो शो’ हा तलवारबाजीवरचा ग्रंथ लिहायला लागला तेव्हा साठीला आला होता. तेरा ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत साठांवर द्वंद्वं केली आणि एकही हरलो नाही, हे त्याचं स्वतःचं म्हणणं. ग्रंथाचे पाच भाग : भूमी, जल, अग्नी, वायू, शून्य. नावं ऐकून वाचक गूढ तत्त्वज्ञानाच्या तयारीनं बसतो. जल भाग उघडला की काय मिळतं? तलवार कशी धरायची. अंगठा आणि तर्जनी तरंगती ठेवा. मधलं बोट घट्टही नको, सैलही नको. अनामिका आणि करंगळी आवळा. पाय टाकताना चवडा किंचित हलका, टाच ठाम. नजर दोन प्रकारची : डोळ्यांचं बघणं कमी आणि आरपार जाणणं जास्त, लांबचं जवळ असल्यासारखं पाहा, जवळचं लांबून पाहा.

आज जपानमध्ये किंवा जगात कुठेही केंडोच्या, म्हणजे बांबूच्या तलवारीनं खेळायच्या जपानी तलवारबाजीच्या, वर्गात जा, पहिल्या आठवड्यात हेच सांगतात : करंगळी आणि अनामिका आवळा, वरची बोटं हलकी ठेवा. टाचेबाबत मात्र बदल झाला. लाकडी गुळगुळीत जमिनीवर वेगानं झेपावता यावं म्हणून आजचा खेळाडू डावी टाच किंचित उचललेली ठेवतो. अनुभवानं पटलं तिथे बदललं, नाही तिथे तसंच ठेवलं. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हेच. सामुराईचं ‘तत्त्वज्ञान’ दर राजवटीनं सोयीनुसार बदलून घेतलं : दरबारी कारकुनाचं वेगळं, सामुराई वर्ग मोडीत काढणाऱ्या मेइजी सरकारचं वेगळं, १९४० च्या दशकातल्या लष्कराचं वेगळं, आणि आजच्या कंपन्यांचं आणखी वेगळं. पकड पावणेचारशे वर्षं तीच राहिली, कारण ती चुकली तर घाव चुकतो. तिथे सोयीचा अर्थ काढायला जागा नाही.

म्हणून सामुराईंकडून घ्यायचं ते ‘केइको’. चहाविधी, नृत्य, सुमो, तलवार, सगळ्या जपानी कलांच्या सरावाला हाच शब्द आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द रियाज. मुसाशीनं त्याची मुदतही सांगून ठेवली आहे : हजार दिवसांचा सराव म्हणजे ‘तान’, पोलाद ठोकणं, आणि दहा हजार दिवसांचा सराव म्हणजे ‘रेन’, ते मळून एकजीव करणं. हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षं. दहा हजार म्हणजे सत्तावीस वर्षांच्या वर. दोन्ही मिळून तीस. आता केंडोच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहा. तिथल्या श्रेणीला ‘दान’ म्हणतात. पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी किमान १ वर्ष थांबावं लागतं, मग पुढच्या प्रत्येक पायरीला २, ३, ४, ५ आणि ६ वर्षं, आणि सातव्यानंतर आठव्या दानसाठी तब्बल १०. वय किमान ४६ हवं. बेरीज ३१ वर्षं, तीही प्रत्येक परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाल्यास. आठव्या दानला बसलेल्या शंभरांत एखादाच उत्तीर्ण होतो. ‘सामुराई बना २१ दिवसांत’ असं सांगणाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

नुसते दिवस मोजूनही भागत नाही. सरावाचा सर्वांत साधा प्रकार ‘सुबुरी’, म्हणजे हवेत घाव घालणं. प्रौढ पुरुषाची शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, १२० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि किमान ५१० ग्रॅम वजनाची. स्त्रियांसाठी किमान ४४० ग्रॅम. डावा हात मुठीच्या अगदी टोकाला, उजवा वर, मुठीवरच्या गोल चकतीच्या खाली. डावी मूठ बेंबीसमोर, पोटापासून एक वीतभर नाही, एका मुठीच्या अंतरावर. उजवा पाय पुढे, डाव्याची बोटं उजव्या टाचेच्या रेषेत, दोन पावलांत एका पावलाची रुंदी. शिनाई डोक्यावर सरळ मध्यरेषेतून न्यायची आणि त्याच रेषेतून खाली आणायची. ताकद डाव्या हाताची, उजवा फक्त दिशा देतो.

बिघडतं ते इथेच. बहुतेक माणसं उजव्या हातानं काम करणारी, त्यामुळे नकळत उजवी मूठ आवळली जाते. मग खांदा वर चढतो, घाव मध्यरेषा सोडून तिरका उतरतो, आणि थांबताना शिनाईचं टोक थरथरतं. खेळाडूला स्वतःला हे कळत नाही; त्याला वाटतं आपण जोरात मारतोय. जाणता शिक्षक काय करतो? तो तळहात बघायला मागतो. डाव्या तळव्यावर करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी फोड असतील तर पकड ठीक आहे. उजव्या तळव्यावर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घट्टे पडले असतील तर हजार घाव चुकीचे मारून झाले आहेत, आणि त्या प्रत्येकानं चूक आणखी मुरवली आहे. अशा माणसाला आणखी पाचशे मारायला सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. त्याची संख्या पन्नासावर आणायची, वेग निम्मा करायचा, आणि काही दिवस डाव्या एकट्या हातानं शिनाई उचलायला लावायची.

सरावाचा आत्मा मला या तळहाताच्या तपासणीत दिसतो. मी मेहनत केली, मी मनापासून केली, या सांगण्याला तिथे किंमत नाही. फोड कुठे आहेत तेवढंच बघतात. ज्याला आपल्या कामात पारंगत व्हायचं आहे, मग तो सुतार असो, हिशेब लिहिणारा असो की संगणकाची प्रणाली लिहिणारा, त्यानं आपल्या धंद्यात तळहात कुठला ते आधी शोधावं. सुताराचं उत्तर सोपं आहे : जोड खिळा न ठोकता बसतो की नाही. प्रणाली लिहिणाऱ्याला ते शोधावं लागेल. कदाचित सहा महिन्यांनी दुसऱ्यानं ती उघडल्यावर त्याला विचारायला यावं लागतं की नाही, हा त्याचा तळहात. चूक लपू न देणारी अशी खूण सापडली नाही, तर रोजचा दीड तास नुसता घाम गाळण्यात जातो.

दुसरी गोष्ट कित्त्याची. जपानीत ‘काता’ म्हणतात. १९१२ साली ठरवलेले केंडोचे कित्ते दहाच आहेत : सात लांब तलवारीचे, तीन आखूड तलवारीचे. आठव्या दानचा म्हातारा आणि नवखा पोरगा, दोघं तेच दहा करतात. शिकण्याचे तीन टप्पे जपानीत ‘शु, हा, रि’ या तीन अक्षरांत सांगतात : कित्ता गिरवणं, कित्ता मोडणं, कित्ता सोडणं. आजच्या घाईत लोक थेट मोडण्यापासून सुरुवात करतात आणि त्याला स्वतःची शैली म्हणतात. दुसऱ्या टोकाचा दोषही तेवढाच खरा आहे : आयुष्यभर गिरवत बसायचं आणि त्यालाच परंपरा म्हणायचं. गिरवणं कधी थांबवायचं ते गुरूनं सांगावं हे बरं, कारण शिकणाऱ्याला ते नेहमी वेळेआधीच वाटतं.

मुसाशीनं ‘वायू’ भागात इतर घराण्यांचे दोष काढले आहेत, त्यातला वेगाबद्दलचा भाग आजच्या माणसानं जरूर वाचावा. वेग हे कौशल्याचं लक्षण नाही, तयारीचा माणूस सावकाश दिसतो पण त्याचा ताल कुठे सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. ‘भूमी’ भागात तर कला सजवून विकणाऱ्यांना त्यानं थेट झापलं आहे : फूल दाखवतात, फळ नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. नुसतं तंत्र घेतलं आणि गुण सोडले, तर माणूस कुशल होईल पण चांगला होईल कशावरून? त्याच्या उलट बाजूनं पाहू. जपानमध्ये २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, परंपरा आणि विनय मुलांत रुजावा हा त्यामागचा एक हेतू. लगेच २०१३ च्या जानेवारीत उघड झालं की देशाच्या पंधरा अव्वल महिला ज्युडो खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध तक्रार केली आहे. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं. करुणा आणि विनय यांच्या भाषेत वाढलेल्या क्षेत्रात हे घडत होतं. किंबहुना गुरूवरची निष्ठा हा गुण आहे असं शिकवल्यामुळेच तोंड उघडायला एवढा वेळ लागला असावा, असं मला वाटतं. गुणांची नावं मारणारा हात अडवत नाहीत.

हात अडवते ती सरावाची रचना, ती नीट असेल तर. शिनाई चार बांबूच्या कामट्यांची असते. टोकाला आणि मुठीला चामड्याची टोपी, वरून ताणलेली दोरी, आणि टोकापासून साधारण पाव लांबीवर चामड्याची वादी. घाव बसून बसून कामटीच्या कडेला कुसळ उठतं. ते बोटाला लागण्याइतपत असलं तरी बेफिकीर राहायचं नाही, कारण समोरच्याच्या मुखवट्याच्या जाळीतून आत शिरलं तर डोळा जातो. म्हणून प्रत्येक सरावाआधी चारही कामट्यांवरून हात फिरवायचा, कुसळ असेल तर घासून काढायचं, चीर असेल तर कामटी बदलायची, वादी सैल असेल तर पुन्हा बांधायची. दोन मिनिटांचं काम. आपली शिनाई दुसऱ्याच्या डोळ्यासाठी तपासायची असते, हे ज्याच्या हाताला लागलं त्याला करुणेची व्याख्या वेगळी शिकवावी लागत नाही. ज्याला लागलं नाही त्याला व्याख्येनं काही होत नाही.

‘किरिकाएशी’ हा जोडीनं करायचा सरावही असाच. मधला घाव एक, मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून नऊ, त्यातले चार पुढे जात आणि पाच मागे येत. पुन्हा मधला, पुन्हा नऊ, आणि शेवटी मधला घाव घालून थेट पुढे निघून जायचं. एकूण एकवीस. घाव झेलणारा शक्यतो मारणाऱ्यापेक्षा अनुभवी असावा लागतो. तो आपलं अंतर मारणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे जमवून घेतो. दम संपत आला की सहज मागे सरकून त्याला शेवटचा घाव पुरा करू देतो. शिक्षकाची सत्ता तिथे मार खाण्याच्या जागी उभी असते. हे उलटं झालं, ज्येष्ठ मारतोय आणि नवखा झेलतोय असं दिसलं, की त्या आखाड्यात काय शिकवलं जातंय याची चौकशी पालकांनी करावी.

आणि सामन्यात गुण मिळण्याची अट पाहा. घाव नेमक्या जागी, शिनाईच्या योग्य भागानं, शरीर आणि आवाज यांच्यासह एका क्षणी पडला पाहिजे, हे झालंच. त्यानंतर मारणाऱ्यानं वळून पुन्हा प्रतिस्पर्ध्यासमोर सावध पवित्र्यात उभं राहावं लागतं. याला ‘झान्शिन’ म्हणतात, घावानंतर उरलेलं भान. पंचांनी निशाण वर केल्यावर खेळाडूनं आनंदानं मूठ उंचावून मिरवलं, तर पंच एकमेकांशी बोलतात आणि दिलेला गुण रद्द होतो.